मधला जड ठिपका

फोन वाजला तेव्हा माझा डावा हात कोपराच्या वरपर्यंत गाईच्या आत होता. मी गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारा माणूस. कळसच्या एका गोठ्यातनं सकाळी सकाळी बोलावणं आलं होतं, गाय माजावर होती आणि रेतमात्रा नुकतीच कोमट पाण्यात सोडून वितळवली होती. गोठ्याच्या मालकानंच खिशातला फोन काढून माझ्या कानाला लावला. पलीकडून सुनंदावहिनी बोलत होत्या. “डॉक्टर भावजी, हे गेलं ओ… उसाला पाणी द्यायला गेलं हुतं, बांधावरच पडलं.” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एकदा वितळलेली रेतमात्रा परत गोठवता येत नाही, म्हणून मी हातातलं काम पुरं केलं. हातमोजा काढला, साबण लावून हात धुतले आणि मग गोठ्याच्या खांबाला धरून पोरासारखा रडलो. मालक बिचारा घाबरून गाईकडं बघत होता. त्याला वाटलं, गाईचंच काहीतरी बिघडलंय.

गेला तो मुरलीधर, आमचा मुरल्या. सणसरचा. बारामतीच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा, त्यामुळं सगळ्या पंचक्रोशीत त्याला ‘सर’ म्हणायचे. खरं तर पीएच.डी. झालेला तो, पण गावात ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली की ओ मी देणार, कारण गाय अडली की माझी आठवण होते, एन्झाइम अडल्यावर कुणाचं काय अडतंय? ह्यावरनं आम्ही दोघं पुष्कळ हसायचो. तो गेल्याला आता काही आठवडे झाले. मध्यंतरी कॉलेजात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, मातीशी नाळ तुटू दिली नाही. कुणी म्हणालं, परदेशाचा मोह सोडून गावासाठी राहिले. मी मागच्या बाकावर बसून दात ओठ खात होतो. मोह कसला सोडतोय! त्याला जायचं होतं. मरेपर्यंत जायचं होतं. तो राहिला नाही, तो अडकला. हे कुणीतरी एकदा लिहायला पाहिजे, म्हणून मी लिहितोय. मला लिहायची सवय नाही, भलतंसलतं झालं तर पोटात घाला.

शाळेत आम्ही एका बाकावर. तो हुशार, मी त्याच्या वहीत बघणारा. तो बेंगळूरला गेला, तिथनं परदेशात गेला, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाला म्हणून आला तो आलाच. कुणी त्याला डांबून ठेवलं नाही. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, अतिशय सज्जन माणूस. आवाज कधी चढला नाही. मुरल्या म्हणाला, “तात्या, मी निघतो.” तात्या म्हणाले, “जा की. कोण नको म्हणतंय? एवढी तोड होऊ दे, मग जा.” आता ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना सांगतो. ऊस तोडायला आला तरी तो आपण आपल्या मनानं तोडत नाही. कारखान्याकडं नोंद असते, त्यांची टोळी येणार कधी हे त्यांच्या हातात. आज येईल, उद्या येईल करत माणूस बांधावर उभा. तोड झाली की लगेच त्याच बुडख्यातनं खोडवा फुटतो, त्याला खत-पाणी. खोडवा तुटला की त्याच बुडख्याचा तिसरा ऊस, निडवा, नाहीतर रान मोडून नवी लागण. त्यात तात्यांना घरात दुसरा मुलगा नाही. दर वेळी मुरल्या विचारायचा आणि दर वेळी तात्या मायेनं म्हणायचे, “जा की. तोड होऊ दे.” खोटं बोलत नव्हते ते, खरंच जा म्हणत होते. नाही म्हणणाऱ्या बापाशी भांडता तरी येतं. असल्या बापाशी काय भांडणार, कपाळ?

मग लग्न झालं. सांगवीच्या सुनंदावहिनी घरात आल्या, अनघा झाली, कॉलेजातली नोकरी कायम झाली. पण त्याच्या डोक्यातलं गेलं नाही. त्यांची वस्ती रानात आहे. ऊस डोक्याच्या वर गेला की त्या वस्तीवरून काही म्हणजे काही दिसत नाही. रस्ता दिसत नाही, शेजारचं घर दिसत नाही, वर फक्त आभाळाचा चौकोन. तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, “बाळ्या, विहिरीत बसल्यागत वाटतं रं.” मी म्हणायचो, लोकं अशा हिरवळीसाठी फार्महाऊस बांधतात. तो म्हणायचा, “त्यांच्या गाडीत पेट्रोल असतं.”

ह्यातून सुटायचा रस्ता त्यानं शोधला तो कारखान्याच्याच डिस्टिलरीत, हे नशीब बघा. मळीपासून तिथं अल्कोहोल करतात. एकदा तिथल्या टाकीतला माल आंबट झाला. आंबट होतो तो एका जिवाणूमुळं. तो दारू खातो आणि तिचं आम्ल करतो. म्हणजे माणसाच्या उलट, दारू पिऊन शहाणा होणारा प्राणी! हे माझं वाक्य, मुरल्या ते वर्गात वापरायचा. त्या जिवाणूच्या आत अल्कोहोल पकडून त्याचं रूप बदलणारं एक एन्झाइम असतं. मुरल्याला त्या एन्झाइमचं घर बघायचं होतं. नुसतं आहे म्हणून नव्हे, एकेक अणू कुठं बसलाय ते. त्यासाठी त्या एन्झाइमचे स्फटिक करावे लागतात. खडीसाखर होते तसेच, पण खडीसाखरेचे होतात, हे होत नाहीत. काचेवर थेंब लटकवायचा, झाकायचा आणि वाट बघायची. थंडी जास्त झाली, स्फटिक नाही झाला. ट्रॅक्टर जवळून गेला, नाही झाला. एकदा स्फटिक झाला की तो मोठ्या क्ष-किरणांच्या यंत्रापुढं धरायचा, आणि किरण जसे विखुरतात त्यावरनं आतलं चित्र काढायचं. तसलं यंत्र देशात इनमीन एक-दोन ठिकाणी असतं. असं नवं चित्र हातात असलं तर मोठ्या संस्था दार उघडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ह्या एका चित्रावर त्याचं इथून जाणं टांगलं होतं. मला त्यातलं बाकी काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं.

त्यासाठी वस्तीवरची मागची खोली त्यानं रिकामी केली. खिडकी नव्हती तिला, म्हणूनच ती निवडली. उन्हाचा त्रास नाही. थंड ठेवणारं जुनं कपाट, इन्व्हर्टर आणि कॉलेजनं मोडीत काढलेली एक सूक्ष्मदर्शी. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी रान, आणि मधे उरेल तेवढा वेळ त्या खोलीत. पुढं मी त्यात आलो ते माझ्या नत्रामुळं. आम्ही वळूच्या रेतमात्रा लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतो, मोटारसायकलला बांधून गावोगाव फिरतो. स्फटिकही त्याच नत्रात गोठवून पाठवायचे असतात. “बाळ्या, तुझ्या कॅनमध्ये माझ्यासाठी एक कोपरा ठेव,” तो म्हणाला. मी म्हटलं, ठेवतो, पण चुकून तुझं एन्झाइम एखाद्या जर्सीच्या पोटात गेलं तर कालवडीचं नाव तुझ्यावरून ठेवीन. सुनंदावहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या होत्या.

आणि एका दिवाळीत स्फटिक आले. किती वर्षं थेंब लटकवून बसला होता, आणि नेमके दिवाळीत. मला फोन आला तो बोलण्याचा नव्हताच, नुसता ओरडत होता. मी कॅन घेऊन पोचलो. सूक्ष्मदर्शीतून बघितलं तर डाळिंबाच्या दाण्यासारखे लालचुटूक, कडा धरलेले. मला काही कळत नाही त्यातलं, पण अंगावर काटा आला खरा. ते लगेच गोठवायला हवे होते, थांबले तर विरघळायची भीती. आता गोठवताना आत बर्फ झाला की स्फटिक तडकतो. आम्ही त्यासाठी रेतमात्रेत ग्लिसरीन घालतो. मुरल्याला ग्लिसरीन चालत नव्हतं, कारण तेही अल्कोहोलचंच भावंड, एन्झाइम त्यालाच धरून बसलं तर? म्हणून तो घट्ट साखरपाणी वापरायचा. त्याची शुद्ध साखर बाटलीत यायची, आणि ती बाटली कॉलेजच्या कपाटात, कॉलेजला दिवाळीची सुट्टी, किल्ली ज्याच्याकडं तो गेला सासुरवाडीला. मुरल्या केस उपटायला लागला. तात्या ओसरीवर बसले होते, त्यांच्या शेजारीच सभासदांना दिवाळीला मिळणारी कारखान्याची साखर पोत्यानं ठेवलेली. तात्यांना खरोखर कळेना. म्हणाले, “अरं, साखर पायजे ना? ही काय! आपल्या उसाची हाय, दाणा बघ कसला हाय.” मुरल्यानं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. साखर ती साखर. एका उसाच्या गावात, दिवाळीत, सभासदाच्या घरात कुणालाही जे वाटलं असतं तेच आम्हा तिघांना वाटलं. वहिनींनी वाटीत साखर काढून दिली, त्यानं पाणी केलं, गाळलं, त्यात स्फटिक बुडवले आणि नत्रात टाकले. काही दिवस ते माझ्या कॅनमध्ये होल्स्टीन वळूंच्या शेजारी राहिले आणि मग रीतसर यंत्राकडं गेले. त्या दिवशी वहिनींनी मला चिवडा बांधून दिला होता, तो मी गाडीवरच खाल्ला, इतका आनंद झाला होता.

तसले स्फटिक पुन्हा आले नाहीत. डिस्टिलरीतल्या टाक्या धुतल्या गेल्या, त्याच्याकडचा जिवाणू पुढं नीट वाढेना. थेंब लटकवत राहिला, थेंब तसेच राहिले. म्हणजे त्या दिवाळीचे स्फटिक आणि त्यावरनं आलेली माहिती, एवढीच त्याची पुंजी. ते चित्र काढायला त्याला फार दिवस लागले. कॉम्प्युटरवर निळ्या जाळीसारखा नकाशा दिसायचा, त्यात तो एकेक अणू बसवायचा, जसं आपण पोत्यात हात घालून आत काय असेल ते चाचपतो. शेवटी एन्झाइम उभं राहिलं. मधे पोकळी सोडून गोल मांडलेली आठ पाती, छताच्या पंख्यासारखी. आत खोल एक बोळ. बोळाच्या टोकाला एक चपटा रेणू, वरनं खालनं दोन भिंतींनी दाबून धरलेला. सगळं काम तो करतो. “हा बघ,” मुरल्या म्हणाला, “ह्याला बाहेर यायला वाटच न्हाय. अल्कोहोल आत येतं, बदलून बाहेर जातं. हा हितंच.” शोकसभेत त्याच्या एका विद्यार्थ्यानं हे चित्र दाखवून सांगितलं की, सरही असेच होते, एका जागी राहून दुसऱ्यांना घडवणारे. टाळ्या पडल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं. अरे, तो रेणू आहे, त्याला बायको-पोर नाही, त्याला छातीत कळ येत नाही!

असो. तर त्या चपट्या रेणूला काहीतरी चिकटलेलं होतं. नकाशात एक गोळा दिसत होता, मधे एक ठिपका आणि त्याला तीन फाटे. मुरल्याच्या मते ते अल्कोहोलच होतं, अर्ध्या वाटेत पकडलेलं. धड अल्कोहोल नाही, धड पुढचं काही नाही. असं अर्ध्यात सापडलेलं तोवर कुणी बघितलं नव्हतं, म्हणे. ते चित्र बघून एका मोठ्या संस्थेचं त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. दूर, परराज्यात. वयाची मर्यादा संपत आली होती, ह्यानंतर कुठलं दार उघडणार नव्हतं. त्यानं मला इंदापूरला एका हॉटेलात नेऊन मिसळ खिलवली आणि हळूच सांगितलं, जणू बाजूच्या टेबलावर तात्याच बसलेत. “ह्या वेळी मी तोड व्हायची वाट बघणार न्हाय बाळ्या. रान वाट्यानं देतो, तात्यांना संगं नेतो, न्हाय आले तर तुझ्यावर सोडतो.” मी म्हटलं, सोड की, तुझ्या बापाला मी पण तात्याच म्हणतो. फक्त एक गोष्ट त्याला खुपत होती. तो म्हणायचा, मधला ठिपका जरा जड येतोय. तिथं कार्बन बसवला की नकाशा म्हणतो, अजून हाय, अजून हाय. मग तो स्वतःच स्वतःची समजूत घालायचा, माहितीत थोडं इकडं-तिकडं होतंच.

मुलाखत तोंडावर असताना कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम. जुने सभासद म्हणून तात्यांना बोलावणं होतं; तात्या माझ्या मागं मोटारसायकलवर, मुरल्या त्याच्या स्कूटरवर. हार झाले, नारळ फुटले, ऊस गाळणाऱ्या यंत्राच्या गव्हाणीत मोळी पडली, वाजंत्री, पेढे. तात्या ओळखीच्यात रमले म्हणून आम्ही दोघं आत हिंडायला गेलो, शाळेच्या सहलीला गेलो होतो तसे. एका बाजूला गंधक जाळायची भट्टी पेटवून बघत होते. उसाचा रस काळपट असतो, त्यात गंधकाचा धूर सोडला की तो निवळतो आणि साखर पांढरी होते. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. वास नाकात गेला तसा मी खोकत पुढं झालो. मागं वळून बघतो तर मुरल्या तिथंच उभा. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं धुरानं. मी ओढून त्याला बाहेर आणला, तर तो बगॅसच्या, म्हणजे रस काढलेल्या चिपाडांच्या, ढिगावर बसला. “बाळ्या,” म्हणाला, “मधला ठिपका कार्बन न्हाय. गंधक हाय.” मला टोटल लागेना. तो म्हणाला, “त्या दिवाळीची साखर… आपल्या कारखान्याची. थोडा गंधक साखरेत ऱ्हातोच. तो आत गेला. बोळातनं थेट आत गेला आणि त्याला जाऊन चिकटला.” आणि तो हसायला लागला. इतका हसला, की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. “कारखाना आत शिरलाय रं! तिथंबी पाठ सोडली न्हाय त्यानं.” मी त्याला आयुष्यात कधी असा हसताना बघितला नव्हता, आणि परत बघायची इच्छाही नव्हती.

घरी जाऊन त्यानं त्या ठिकाणी कार्बनच्या जागी गंधक बसवला. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाला, “बसला. केसाचा फरक न्हाय.” मी तडक सणसरला गेलो. त्या बिनखिडकीच्या खोलीत आमचं जे भांडण झालं, तसलं आम्ही कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, गप बस. कुणाला कळणारे? “मला कळलंय की.” मी म्हटलं, तुला कळलं ते सोड, आधी मुलाखत दे, ऑर्डर घे, बाडबिस्तरा हलव, मग तिथं बसून सांग सावकाश, की बाबांनो चूक झाली. तो म्हणाला, “लोकं ह्या चित्रावर पुढची कामं करत्याल. एखादं पोरगं माझ्यासारखंच कुठंतरी बसलं असंल, त्याची वर्षं जातील त्यात.” मी म्हटलं, तुझी गेली त्याचं काय? त्यानं कॉम्प्युटर बंद केला. मी दार आपटून निघालो, “मग ऱ्हा हितंच, धर पाण्याची दारं उसात,” म्हणालो. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो बरोबर वाटेल. मला अजूनही वाटत नाही. जगात इतकी खोटी माणसं खुशाल खुर्च्यांवर बसलीत, ह्या एकानं चार महिने तोंड मिटलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. मला त्याचा राग येतो. आत्ता लिहितानाही येतोय.

तो गेला मुलाखतीला आणि आपणहून सगळं सांगून आला. घरची साखर, गंधक, सगळं. त्यांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं, चहा पाजला आणि जागा दुसऱ्याला दिली. छापायला दिलेला लेख त्यानं परत मागितला, दुरुस्त करून कुठल्याशा लहान अंकात दिला. चित्र मात्र त्यानं जगातल्या सगळ्या चित्रांबरोबर इंटरनेटवर ठेवलं, खऱ्या गंधकासकट. कुणीही उघडून बघावं. परत आल्यावर तात्यांनी विचारलं, “काय झालं रं?” तो म्हणाला, “न्हाय झालं.” तात्यांचं तोंड खरंच उतरलं. त्यांना वाईट वाटलं हो! म्हणाले, “हुईल की दुसरीकडं. एवढी तोड होऊ दे.” मी तिथंच होतो. मुरल्या माझ्याकडं बघून किंचित हसला आणि चप्पल घालून रानात गेला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे आहेत, पण एकासारखं एक. शिकवणं त्यानं कधी टाकलं नाही. खोलीतले थेंबही लटकवत राहिला, पण त्यात आता घाई नव्हती. आमचं बोलणं सुरू झालं. किती दिवस रुसणार? मी नत्र भरून दिलं की तो मुद्दाम विचारायचा, “गंधक तर न्हाय ना ह्यात?” अनघा शिकून पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा तिला गाडीत बसवून परत येताना बारामतीच्या स्टँडवर त्यानं मला दोनदा चहा पाजला. म्हणाला, “एक सुटलं.” त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला आनंद म्हणावं की काय, मला सांगता यायचं नाही… पण तसा चेहरा मी स्फटिक आले तेव्हाच बघितला होता.

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर तात्या, मुरल्याचे चुलते आणि एक-दोन भावकीतले. विषय निघाला होता वारसाचा. कारखान्याच्या शेअरवर आणि रानावर आता कुणाचं नाव लावायचं? चुलते म्हणाले, “अनघाचंच लावा. एकुलती एक हाय, शिकल्याली हाय, कारखान्यात जाऊन चार शब्द बोलंल.” अनघा कोपऱ्यात बसली होती. रजा संपली होती तिची, बॅग भरून तयार होती. ती दबकत आजोबांना म्हणाली, “आबा, पण मला आज निघायचंय.” तात्या आता फार थकलेत. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, “जा की बाय. कोण नको म्हणतंय? तुझा बाप न्हाय, टोळी कवाबी येईल… एवढी तोड होऊ दे, मग जा.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनंदावहिनी आतनं आल्या. इतकी वर्षं मी त्या घरात जातोय, पण ओसरीवर पुरुष बसलेले असताना त्यांना मधे उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “तिचं नाव कशावरच लावायचं न्हाय. माझं लावा.” चुलते म्हणाले, “अगं, तुझं लावायला हरकत न्हाय. पण ऊस-पाणी, कारखाना, टोळीवाल्यांच्या मागं पळायचं… तू कशाला त्यात अडकून घेतीस?” त्यांनी पदर खोचला आणि तात्यांकडं बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “त्यांना तुमी दर साली जा म्हणत हुता. मला एकदा तरी कुणी म्हणलं हुतं का?”

तात्यांनी मान खाली घातली. मीही घातली. वहिनींनी कोपऱ्यातली बॅग उचलली, माझ्या मोटारसायकलवर नेऊन ठेवली आणि अनघाला म्हणाल्या, “ऊठ. गाडी चुकंल.”